मरडॉक आजोबांच्या डाव्या कानातली मी

मित्रांनो, मी एक जुनी कानाची मशीन आहे, शेंगदाण्याएवढी. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या मरडॉक आजोबांच्या डाव्या कानात माझा मुक्काम असायचा. जन्मभर मासेमारीच्या होडीत इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे कान पार गेले होते. सकाळी एफी आजी मला कानात बसवायची, मी बारीकशी शीळ घालायची आणि आजोबा म्हणायचे, "आलं गं जग परत!" ते ऐकायला मी अजून आसुसलेली आहे.

मग आजोबांच्या घशात कॅन्सर निघाला. किरणोपचाराच्या वेळी तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला घट्ट अडकवतात, म्हणून मला काढावं लागे. तिथे टेसा नावाची शिकाऊ तंत्रज्ञ मुलगी होती. पोर गोड, पण भारी घाईची. पहिल्याच दिवशी तिनं आधी मला काढलं आणि मग सूचना दिल्या. आजोबांनी मान डोलावली. ऐकू न येणारी माणसं मान डोलावतातच हो!

दार बंद झालं. मी बाहेर, टेसाच्या टेबलावरच्या वाटीत. पडद्यावर आजोबा हात झाडताना दिसले. टेसा माइकमध्ये ओरडली, "आजोबा, हलू नका! झालंच!" अगं बाई, कुणाला सांगतेस? शेवटी उपचार थांबवावे लागले.

आजोबा घामाघूम होऊन बाहेर आले. "मला विसरून गेले सगळे! मी परत येणार नाही." एफी आजीचा चेहरा उतरला. मी वाटीतच राहिले होते.

"यांना काही कळतच नाही," टेसा पुटपुटली.

हे तिच्या शिक्षिका डेनीसबाईंनी ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. त्यांनी टेसाच्या कानांत बोळे घातले, सरावाचा मुखवटा अडकवला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं पोरगी रडत बाहेर आली.

"बाई, तुम्ही काय बोलत होता?"

"म्हटलं, हलू नकोस, झालंच."

टेसानं मला उचललं आणि धावत जाऊन बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांच्या कानात बसवलं. "चुकलं माझं, आजोबा. उद्या आधी सगळं बोलू, मग हिला काढू. मी तुमचा हात एकदा दाबला की मी बाहेर चालले, दोनदा दाबला की झालं."

"आणि तीनदा दाबलास तर?"

"तर मी आत येते बघायला!" एफी आजी म्हणाली. आजोबा हसले, आणि दुसऱ्या दिवशी आले. सगळे उपचार त्यांनी पुरे केले.

पुढे काही वर्षांनी आजोबा गेले. एफी आजीनं मला डेनीसबाईंच्या वर्गाला देऊन टाकलं. आता मी खणात असते. बाई मला नव्या मुलांच्या हातात ठेवतात आणि टेसाची गोष्ट सांगतात.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसानं मान डोलावली म्हणजे त्याला कळलं, असं धरून चालू नका. मी कानात असतानाच काय ते सांगा. आणि "कसं वाटतंय?" विचारण्याआधी मला परत घाला.

परवा एका मुलीनं मला सहज कानाशी धरलं. केवढी ऊब होती! मला वाटलं, "आलं गं जग परत!" आता म्हणेल, आत्ता म्हणेल.

"बंद आहे ही," ती म्हणाली, आणि तिनं मला खाली ठेवलं.