आयती घातलेली चादर

ती ज्या हॉटेलात खोल्या आवरायची तिथे तिला सगळे इस्त्री म्हणत. तिने घातलेल्या चादरीवर जो सुरकुती दाखवेल त्याला तिने चहा पाजायचा, नाहीतर त्याने तिला, अशी तिथे कायमची पैज होती, आणि चहा नेहमी तीच प्यायची. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे बिछाने घालून तिच्या मनात एकच हौस उरली होती. आपण बाहेरून दमून यावं आणि बिछाना कुणीतरी आयता घालून ठेवलेला असावा! मुलांना सुट्टीत थीम पार्क हवा होता, तिला हा बिछाना. पार्ककडे जाताना बसमध्ये तिने थोरलीला हे सांगूनही टाकलं. शेजारी सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

पण हौस एकीकडे आणि स्वभाव एकीकडे. पार्कच्या दारातली झकपक हॉटेलं पाहून "हे झोपायचे पैसे घेतात की श्वास घ्यायचे?" असं म्हणत तिने सगळी वरात मागच्या गल्लीत वळवली. तिथल्या लॉजमध्ये भिंतीपलीकडून पाळण्यांवरच्या किंकाळ्या ऐकू यायच्या, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि भाडंही कमी.

मालकाने खोली उघडून दाखवली. इस्त्रीने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, गादी उचलून खालून पाहिली, नळ सोडून बघितला.

"ताई, राहायला आलात की तपासणीला?" मालकाने विचारलं.

"राहायलाच. म्हणून तर बघतेय. नळ गळतो, पंखा कुरकुरतो आणि खिडकीखाली पाण्याचा पंप आहे. आता भाडं सांगा."

त्याने सांगितलं. तिने निम्मं सांगितलं. नवरा हळूच बाहेर सटकला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि बायकोच्या घासाघिशीपेक्षा त्याला अधांतरी अडकलेली लिफ्ट परवडायची.

खोलीत सुरू झालेली घासाघीस खाली गल्ल्यापाशी येऊन चांगलीच रंगली. सकाळी शेगडी वापरायची परवानगी मिळाली, फ्रिजमधला एक कप्पा मिळाला. शेवटी मालकाने हात जोडले. "आता एकच राहिलं, ताई. खोली आवरणाऱ्या बाईला मी खोलीमागे पैसे देतो. तुमची खोली तुम्हीच आवरणार असाल तर तेवढे कमी करतो."

"आवरू की! त्यात काय मोठंसं?"

बोलली, जिंकली, किल्ली घेतली, आणि जिना चढता चढता तिच्या लक्षात आलं की जिंकायच्या नादात आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"अगं, मग तुझा तो बिछाना?" नवऱ्याने विचारलं. बसमधलं त्यानेही ऐकलं होतं.

"राहू दे. तेवढ्या पैशांत पोरं पाण्याच्या पाळण्यात आणखी एकदा बसतील," ती म्हणाली, आणि उगाचच बॅग जोरात आपटली. सासूबाईंनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली.

सकाळी तिने शेगडीवर अंडी उकडली, पावाला लोणी फासलं आणि प्रत्येकाला गळ्यापर्यंत खाऊ घातलं. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि आतलं खाणं खिशाला झेपत नाही, पण हातावर शिक्का मारून घेतला की बाहेर पडून परत आत जाता येतं, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे दुपारी जेवायला खोलीवर. सासूबाईंनी तिकीटच नको म्हटलं. "मला जमिनीवर उभं राहूनसुद्धा गरगरतं. तुम्ही जा."

निघताना खोलीत नुसता पसारा झाला होता. ओले टॉवेल खुर्चीवर, चादर अर्धी जमिनीवर. इस्त्रीने दारातून वळून पाहिलं आणि दुपारचं काम मनाशी धरून ती मुलांच्या मागे पळाली.

पार्कात ती मुलांपेक्षा मोठ्याने किंचाळली. नवरा प्रत्येक पाळण्याचे नटबोल्ट न्याहाळत राहिला. दुपारी खाण्याच्या दुकानांपुढे ही रांग लागली, तेव्हा आपली माणसं घेऊन ती त्या रांगेसमोरून वरमाईच्या तोऱ्यात बाहेर पडली.

खोलीचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

बिछाना घातलेला होता. चादर एका बाजूला जमिनीला टेकत होती, दुसऱ्या बाजूला गादी उघडी पडली होती, मधोमध ही लांब सुरकुती. उशीवर टॉवेलचं एक गाठोडं बसलं होतं आणि त्यातून चोचीसारखा दात घासायचा ब्रश बाहेर आला होता.

"हे कासव आहे?" धाकट्याने विचारलं.

"बदक आहे," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुझ्या आईच्या मोबाइलमध्ये हॉटेलातल्या टॉवेलच्या बदकाचा फोटो आहे, तसं करायला गेले. बसून बसून पाठ आखडली होती, म्हटलं जरा हात हलवावे. ते कोपरे काही मला बसले नाहीत, बाई."

इस्त्रीचे हात शिवशिवले. एक ओढ दिली असती तर सुरकुती गेली असती. तिने दोन्ही हात काखेत घट्ट धरले आणि ओल्या केसांनिशी सरळ चादरीच्या मधोमध आडवी झाली. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत.

"आई, बसलेत कोपरे," ती म्हणाली. "झकास बसलेत."

मुलांना नवऱ्याने जेवायला वाढलं. ती तशीच पडून राहिली, पलीकडच्या किंकाळ्या ऐकत, आणि तिला त्या गोड लागल्या.

ऊन उतरल्यावर सगळे पुन्हा निघाले. मुलं बूट घालत असताना सासूबाई उशी सारखी करायला वाकल्या. उशीखाली एक नोट होती.

"अगं, हे कुणाचे पैसे राहिले?"

"राहिले नाहीत. खोली आवरणाऱ्यासाठी ठेवलेत," इस्त्री म्हणाली. "हॉटेलात चांगली माणसं ठेवतात तसे."

नवरा एक बूट हातात धरून बघतच राहिला. कुणी न मागता बायकोच्या हातून पैसे सुटताना तो पहिल्यांदाच पाहत होता.

सासूबाईंनी नोट उजेडात धरून नीट पाहिली, बटव्यात टाकली आणि दोरी ओढली.

"मग उद्या बदकाला मानही करते," त्या म्हणाल्या. "पैसे घेतले की काम चोख हवं."