ढब्बूचा पिंजरा

धाकटीने ढब्बू नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणलं रविवारी, आणि सोमवारी दुपारी खालच्या मजल्यावरची अकरा बाळं एका दमात जागी झाली.

खाली तिच्या थोरल्या जाऊबाईंचं पाळणाघर होतं. धाकटीही तिथेच त्यांच्या हाताखाली काम करायची. दीड ते तीन ही झोपेची वेळ; तेवढ्या वेळात जाऊबाई चमचासुद्धा रुमालावर ठेवायच्या, बशीत नाही. नेमक्या त्या वेळी वरच्या खोलीत एकटा पडलेला ढब्बू गळा काढून रडायला लागला. संध्याकाळी दोघी आयांनी मुलं नेताना नाकं मुरडली. जाऊबाईंनी धाकटीला बाजूला घेतलं आणि नेहमीच्या हलक्या आवाजात सांगितलं, की शनिवारपर्यंत ढब्बू दुपारचा गप्प राहायला शिकला तर ठीक, नाहीतर ज्या बाईंकडून आणला त्यांच्याकडे परत. घर त्या बाळांवर चालत होतं. धाकटीला उलट बोलायला जागा नव्हती.

पिंजरा आण, त्याला त्याची अशी एक जागा हवी, असंही जाऊबाईंनीच सुचवलं. धाकटी तशीच दुकानात गेली. दुकानदाराने पिल्लू केवढं म्हणून विचारलं, पण हिने घरातल्या पोरांचे कपडे घ्यावेत तसा वाढत्या अंगाचा, सगळ्यात मोठा जाळीचा पिंजरा उचलला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्या जागेत आपण संसार थाटला असता."

मंगळवारी सकाळी ढब्बू एका कोपऱ्यात मुतून दुसऱ्या कोपऱ्यात खुशाल झोपलेला सापडला. धाकटीचा चेहरा पडला. जाऊबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आल्या, शिवणकामाच्या टेपने पिल्लाला नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजलं, वर चार बोटं धरली आणि जुन्या कॉटची फळी तारेने बांधून पिंजरा मधोमध अडवला. उभं राहता आलं, वळता आलं, पाय ताणून निजता आलं की पुरे, म्हणाल्या. झोपायची जागा कुणी आपणहून घाण करत नाही. वाढला की फळी सरकवायची.

मग शिकवणी सुरू झाली. आधी दार उघडंच. खाण्याची वाटी दर वेळी थोडी आत सरकायची, आणि ढब्बू तिच्या मागोमाग. बुधवारी दार पहिल्यांदा लावलं. धाकटी खोलीबाहेर गेली आणि ढब्बू कळवळून ओरडला. धावत येऊन तिने दार उघडलं, पिल्लाला छातीशी धरलं, आणि वर पाहते तो दारात जाऊबाई.

त्या रागावल्या नाहीत. "आता त्याला वाटणार, दार रडण्याने उघडतं," एवढंच म्हणाल्या. "रडताना पोर श्वास घ्यायला थांबतं की नाही? त्या घडीला जायचं. गप्प होण्याचं फळ मिळालं पाहिजे, रडण्याचं नाही."

पुढचे दोन दिवस त्या दिवसातून चारदा जिना चढल्या. अकरा बाळांचं करून, दुखऱ्या गुडघ्यांनी. दार बंद एक मिनिट, मग तीन, दहा, अर्धा तास. आणि हे सगळं, ज्या कुत्र्याने त्यांचा धंदा बुडवला असता, त्या कुत्र्यासाठी. धाकटी बघत राहिली. या बाईला आपण इतकी वर्षं नुसती शिस्तीची समजत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवार आला. ढब्बू ज्यांच्याकडून आणला त्या बाई चारला त्याला न्यायला येणार होत्या. दुपारी सव्वा वाजता धाकटीने त्याला अंगणात फिरवून मोकळं केलं, आत चघळायला दोरी ठेवली, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर टाकली आणि खाली आली. पावणेदोनला वरून आवाज आला.

धाकटीचा पाय पहिल्या पायरीवर गेला. जाऊबाईंच्या खांद्यावर एक बाळ होतं. त्यांनी दुसरा हात नुसता वर केला. आवाज पुन्हा आला, लांबट. खिडकीजवळचं बाळ चुळबुळलं. जाऊबाईंनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, पण कान वरच होता.

"हे दुःखाचं नाही गं," त्या कुजबुजल्या. "कुणी येतंय का, बघतोय तो."

एकदा, दोनदा, मग एक बारीक कुरकुर. मग काहीच नाही. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. अडीच वाजले, तीन वाजले. खिडकीजवळच्या बाळाने आपणहून डोळे उघडले. ती वर गेली तेव्हा ढब्बू चारी पाय वर करून निवांत पडला होता.

खाली उतरली तर जाऊबाई फोनवर त्या बाईंशी बोलत होत्या. "नका येऊ," त्या सांगत होत्या, "आमचा मुलगा राहतोय आता."

ताई, तुम्हाला कुत्र्यांचं इतकं कसं कळतं, असं धाकटीने विचारलं.

"कुठलं कळतंय," जाऊबाई म्हणाल्या. "मी तर आत्तापर्यंत कुत्र्याला घाबरत होते." आणि जागं झालेलं पहिलं बाळ उचलायला त्या वाकल्या.