मिठाच्या पाण्याची सुई

कौतिक नानांच्या शेततळ्यात चार जाळ्या होत्या आणि प्रत्येक जाळीत दोनशे चिलापी. हुमाने आठशे मासे दोनदा मोजले. दुसऱ्यांदा एक जास्त निघाला, म्हणून तिसऱ्यांदा मोजले. आठशेच होते.

गेल्या मे महिन्यात याच तळ्यातले मासे डोळे बाहेर येऊन, गोल गोल गिरक्या घेत आठ दिवसांत संपले होते. यंदाही तसंच झालं तर तळं रिकामं करून पाणी केळीला द्यायचं, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. हुमा, भडगावच्या मोईज मासेवाल्याची मुलगी, मत्स्यशास्त्र शिकून आली होती आणि तिला एवढा एकच हंगाम मिळाला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेने चाचणीसाठी या रोगावरची लस दिली होती.

मार्चमध्ये सुया टोचल्या. टबातल्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब पडले की मासे गुंगी येऊन आडवे होत. नानांची बायको कमलबाई ते उताणे धरून पोटात बारीक सुई टोचायची. दोन जाळ्यांना लस, फरक कळावा म्हणून दोन जाळ्यांना नुसतं मिठाचं पाणी.

औषधविक्रेता बन्सीलाल बांधावर उभा राहून हसला. "माशाले सुई! उद्या कोंबडीले चष्मा लावशी का?"

"काका, गेल्या वर्षी तुमची पावडर तळ्यात ओतली. किती वाचले, मोजलं होतं कुणी?"

बन्सीलाल चपला झटकत निघून गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी तापलं आणि मिठाच्या पाण्याच्या जाळ्यांत मासे गिरक्या घेऊ लागले. नाना पावडरचं पाकीट घेऊन धावत आले.

"मासा मरी ऱ्हायनात! बठ्ठ्या जाळ्यांत टाकसू."

हुमा वाटेत आडवी उभी राहिली. "एकाही जाळीत नाही टाकायची, नाना."

"तळं कोनं शे?"

"तुमचं. पण आज टाकली, तर लसीनं वाचले की पावडरीनं, हे कधीच कळणार नाही. पुढच्या मेमध्ये आपण पुन्हा इथंच भांडत असू."

"आनि हाई मरी ऱ्हायनात त्या?"

हुमाने त्या जाळ्यांकडे पाहिलं. पण ती बाजूला झाली नाही. "ते माझ्या नावावर लिहा."

नाना तिला वळसा घालू लागले, तेवढ्यात कमलबाईने त्यांच्या हातातलं पाकीट हिसकलं, बांधावर ठेवलं आणि ती त्यावर ऐसपैस बसली.

"आठशे येळा मना हात चालना. आते उठाडी दखाडा माले!"

नाना चार बोटं दाखवत म्हणाले, "चार दिन. पाचवा दिन मोटर लावसू, पानी केळीले."

चारही दिवस हुमाने मेलेले मासे जाळीनिहाय काढले, मोजले, चुन्यात पुरले. पाचव्या सकाळी नाना मोटरीपाशी थांबले आणि तिने सगळ्यांसमोर जाळ्या उचलल्या.

लस दिलेले चारशे, जिवंत तीनशे एकोणसाठ. मिठाचं पाणी दिलेले चारशे, जिवंत एकशे बारा. नाना मोटर न लावताच परत फिरले.