टोसची कातरणी

कुत्रं विकत आणायचं म्हटल्यावर माझे सासरे, म्हस्कूमामा, दोन दिवस जेवताना हसत होते. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. कळपाबरोबर कुत्री कायमच असायची, पण पैसे मोजून कुणी आणलेली नव्हती. कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली की जाऊन एक उचलायचं, तिच्यापुढं एक भाकर ठेवायची, झाला व्यवहार. मागच्या वर्षी गुडघे गेले आणि मेंढरं काढावी लागली. तेव्हापासून अंबडच्या आमच्या घराच्या ओट्यावर मामा नुसते बसून असतात. त्यांच्यासाठीच माझ्या नवऱ्यानं, भागवतनं, कुत्र्याचं मनावर घेतलं होतं. सांगताना मात्र आमच्या पाच वर्षांच्या ईश्वरीचं नाव पुढं केलं. मला कुणी विचारलं नाही. माझ्या कडेवर तेव्हा आठ महिन्यांचं बाळ होतं, आणि सलग झोप म्हणजे काय ते मी विसरून गेले होते.

पिल्लू संभाजीनगरच्या प्रियदर्शनीताईंकडून आणायचं ठरलं. गोल्डन रिट्रीव्हर. त्या दुकान मांडून बसलेल्या नव्हत्या. घरातच दोन कुत्र्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादीची पिल्लं. आम्ही पिल्लाची आई पाहिली, तिच्या खुब्यांचे एक्स-रे पाहिले, लशींचं कार्ड पाहिलं. त्यापुढं त्यांनीच आम्हाला पाहायला सुरुवात केली. घर केवढं, ऊन कुठून येतं, लहान मूल आहे का, आधी कुत्रं पाळलंय का. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "आपण पोरगी पाहायला आलो का मागायला, हेच समजून न्हाई राह्यलं."

"दिवसभर घरी कोण असतं?" ताईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामांनी पंच्यात बांधून भाकर आणली होती. ती पिल्लाच्या आईला द्यायला ते अंगणात गेले, आणि नेमक्या तेव्हाच प्रियदर्शनीताईंनी अटी सांगितल्या. पिल्लू विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. जमलं नाही तर परत त्यांच्याकडेच आणायचं. महिन्याला एक फोटो पाठवायचा. दुपारी घरात ठेवायचं. आणि उन्हाळ्यात केस कितीही जड वाटले तरी कातरायचे नाहीत, कारण ऊन त्या केसांनीच अडतं. आम्ही माना डोलावल्या. बाहेर मामा त्या कुत्रीशी गप्पा मारत होते.

ईश्वरीनं त्याचं नाव ठेवलं टोस. रंगानं खरंच तो चहात बुडवायच्या टोससारखा होता.

टोस आला आणि माझ्या दिवसाला आणखी एक तोंड फुटलं. पहाटे बाळाच्या आधी तो उठायचा. त्याला बाहेर नेऊन आणेस्तोवर बाळ रडायला लागायचं, बाळाला घेईस्तोवर हा आत येऊन फरशी ओली करायचा. दात शिवशिवायचे म्हणून झोळीची दोरी चावायचा. भागवत सकाळीच मोटारसायकलवर जालन्याला बियाण्याच्या कंपनीत निघून जायचा, संध्याकाळी येऊन टोसशी पाच मिनिटं खेळायचा आणि म्हणायचा, किती गुणी आहे गं. सासूबाईंना, सुगंधाआत्याबाईंना, देवघराच्या खोलीत कुत्रं नको होतं, त्यामुळं त्या खोलीचं दार लावत राहायचं हेही काम माझंच. मामा त्याच्याशी दिवसभर बोलायचे, शीळ घालायचे. पण पुसणं, भरवणं, धुणं याला हात लावायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तरी एक सांगते. मी बाळाला पाजायला भिंतीला टेकून बसले की टोस यायचा आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायचा. पाऊल बधिर व्हायचं. मी हलवत नसे.

चैत्राचं ऊन चढलं. टोस जीभ काढून धापा टाकायला लागला. मी बाळाच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात गेले होते. रांग मोठी होती, यायला दुपार झाली. ओट्यावर पोतं अंथरलेलं, त्यावर सोनेरी केसांचा ढीग, आणि शेजारी गुलाबी कातडीचं एक अनोळखी पोर शेपूट हलवत उभं. त्याची शेपूटही कातरलेली होती. मला ओळखून आधी तोच नाचला, तेव्हा मला कळलं की हा टोस आहे.

मामांनी सगळं रीतसर केलं होतं. पूर्वी शहागडला गोदावरीत मेंढरं धुवायचे, तसं आधी हौदावर त्याला धुतलं, वाळवलं, चारी पाय हलकेच बांधले आणि जपून ठेवलेली मेंढरांची कातर चालवली. कुठं ओरखडाही नाही. ईश्वरीनं कान धरले होते म्हणे.

"आता बघ कसं हलकं वाटून राह्यलं त्याला," मामा म्हणाले. मेंढरं गेल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मी बाळाला आत निजवलं आणि ते केस झाडून काढले.

पुढच्याच दुपारी दाराची कडी लावायची राहिली आणि टोस ओट्यावरच्या उन्हात जाऊन झोपला. संध्याकाळपर्यंत पाठ लाल झाली, मग फोड आले. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, ऊन अजिबात लागू द्यायचं नाही म्हणाले. तेव्हा मामांना समजलं. कातर ओट्यावरून दिसेनाशी झाली. टोस आता पूर्ण दिवस घरात, कूलरपुढं. मलम मी लावायचं, त्यानं ते चाटू नये म्हणून लक्ष मी ठेवायचं, कूलरमध्ये पाणी मी भरायचं.

आणि फोटोची वेळ आली.

भागवत म्हणाला, मागचाच एखादा पाठव, तिला काय कळतंय. मी सरळ तो होता तसा फोटो काढला, लाल पाठीचा, आणि पाठवून दिला. खरेपणा म्हणून पाठवला असं म्हणता येईल. पण बटण दाबताना माझ्या मनात हेही होतं की त्या घेऊन जातील, आणि उद्या पहाटे मला उठावं लागणार नाही.

फोन लगेच आला. कडेवर बाळ होतं म्हणून मी स्पीकर लावला. मामा दारातच बसले होते, आत्याबाई गहू निवडत होत्या.

प्रियदर्शनीताईंचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त लाजल्यासारखं झालं. म्हणाल्या, रविवारी मी गाडी घेऊन येते आणि त्याला नेते. ठरलंच होतं तसं आपलं.

मामांनी हात पुढं केला. मी फोन दिला.

"बाई, मी म्हस्कू. हे मी कातरलं. पोरीनं न्हाई, ती दवाखान्यात गेल्ती." त्यांनी फोन तोंडापुढं आरशासारखा धरला होता. "जन्मभर मेंढरं कातरली. लोकर उतरली की जनावर उड्या मारतंय. ह्याला धापा टाकताना पाह्यलं अन् हात राह्यला न्हाई. न्यायचं तर न्या, तुमचंच हे. पण हिला बोल लावू नका."

मग ताईंनी विचारलं, तुम्हाला पाहून तो आता दूर पळतो का? मामा म्हणाले, न्हाई, पायावरच पडून हे, बघा. ते खरं होतं. टोस त्यांच्या धोतरावर मलम पुसत होता.

"केस येतील," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल, कदाचित आधीसारखे येणार नाहीत. सत्यशीलाताई, बाबांचं मला कळलं. आता तुम्ही सांगा, त्याला ठेवणं तुम्हाला जमणार आहे का? नाही म्हणालात तरी मी वाईट मानणार नाही."

नाही म्हणायचं, की सुटले. एवढा एकच शब्द. ईश्वरी शाळेत होती, तिचं रडणं संध्याकाळी निस्तरलं असतं. आत्याबाईंचे हात सुपात थांबले होते. मामा माझ्याकडे पाहत नव्हते, टोसच्या भाजलेल्या पाठीकडे पाहत होते, आणि हात पाठीला न लावता वर नुसता धरून होते, सावलीसारखा.

"मी दमलेय," मी म्हणाले. या घरात आल्यापासून हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणत होते. "त्याचंही मीच करते, बाळाचंही मीच. एकटीला नाही जमणार मला."

"मंग कोणी करायचं, ते सांग," मामा म्हणाले.

"तुम्ही, मामा. पहाटे बाहेर न्यायचं, फरशी पुसायची, मलम लावायचं."

सासऱ्यांना असं सांगतात का कुणी? माझे कान गरम झाले. मामा धोतरावरचं मलम पुसायला लागले. मग आत्याबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "जन्मभर मेंढरांच्या लेंड्या झाडल्या की. ह्याचं मूत पुसताना काय कंबर मोडून राह्यली का तुमची?"

फोनमधून ताईंचं हसू ऐकू आलं. त्या म्हणाल्या, रविवारी मी येतेच, पाठ बघायला. एक महिना बघू. मग ठरवू.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टोसची नखं फरशीवर वाजली. मी सवयीनं उठायला लागले, तोवर मामांची शीळ आली, दाराची कडी निघाली. उशीर झाला होता. स्वयंपाकघरात त्यानं आधीच करून ठेवलं होतं. मामा टोसला मेंढरासारखं हाकारत, कण्हत खाली बसले आणि हाताला लागलं त्या फडक्यानं पुसायला लागले. उघड्या दारातून मला दिसत होतं. ते फडकं नव्हतं, बाळाचं कालच धुतलेलं दुपटं होतं, आणि मामा पुसत कमी आणि पसरवत जास्त होते.

उठून सांगावं असं वाटलं. बाळानं झोपेत माझं बोट धरलं होतं. मी कूस बदलली आणि डोळे मिटले.