लागोस ते धरणगाव

तोताराम साळवे सोमवारी पहाटे गेले. त्यांचा एकुलता मुलगा रुपचंद नायजेरियात लागोसला शिक्षक होता. निरोप मिळाल्यावर दुपारी बाराला त्याचा धरणगावच्या शाळेत फोन आला. तिथल्या दुपारी बाराच्या विमानात जागा मिळाली होती. बाबांचं तोंड पाहायचंय, थांबा, एवढं तो बोलला आणि लाईन तुटली. फोन शालिग्राम गुरुजींनी घेतला होता. ते भूगोल शिकवत.

गुरुजींनी शाळेतल्या पृथ्वीगोलावर लागोस ते मुंबई दोरा ताणून मोजला. सात हजार सहाशे किलोमीटर. वेग ताशी साडेआठशे, म्हणजे नऊ तास. दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेचार तासांचा फरकही त्यांनी धरला. विमान रात्री दीडला मुंबईत, पहाटेची गाडी, अकराला चाळीसगाव, पुढे एस.टी. तिचे सगळे थांबे मोजून वर पंक्चरचा अर्धा तास टाकला. मंगळवारी दुपारी तीन.

जानेवारी होता. जळगावहून बर्फाच्या लाद्या आणल्या. न्हाव्याने तोतारामांची दाढी केली. पंचक्रोशीतले नातेवाईक मंगळवारी सकाळपासून अंगणात बसून होते. तीन वाजले, मग चार. बर्फ अजून बराच होता आणि थांबायला कुणाची ना नव्हती. द्रौपदाबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. पोराला तोंड दिसल्याशिवाय उचलायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तोतारामांचे मेहुणे निंबा आबा म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगाल तसं."

गुरुजींनी आकडे पुन्हा तपासले. चूक सापडली नाही.

"निघाला असता तर तीनला आला असता," ते म्हणाले. "विमान चुकलं असणार. आता उद्या दुपार. अक्का, तोवर नाही ठेवता येणार."

द्रौपदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून बाजूला झाल्या. बुद्धवंदना झाली. सव्वापाचला अग्नी दिला.

रुपचंद साडेसातला आला, चाळीसगावहून जीप करून. अंगणातली माणसं बघून तो दारातच थांबला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. गुरुजी पुढे झाले आणि उशीर कसा झाला, असं त्यांनी विचारलं.

"नैरोबीला सात तास थांबा होता," तो म्हणाला.

"विमानाला थांबा?"

रुपचंदने मान डोलावली. गुरुजी भिंतीशी जाऊन उभे राहिले. घरी गेले नाहीत.

द्रौपदाबाईंनी मुलाला हाताला धरून आत नेलं आणि बर्फाने ओल्या झालेल्या जमिनीजवळ बसवलं.

"कसे दिसत होते?" त्याने विचारलं.

"निजेल शे असं वाटे, भाऊ," त्या म्हणाल्या. मग जरा आठवून एकेक सांगू लागल्या. तोंड थोडं उघडं होतं, ते बांधलं. कपाळावर आठी नव्हती. डाव्या कानाखाली दाढीचे चार केस न्हाव्याकडून राहून गेले होते.