एक टोपी म्हणजे कोणी नाही

ही गोष्ट मी सांगायला लागलो की लोक आधी माझ्याकडे बघून हसतात आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या थोरल्या भावाकडे बघतात. दादा हसत नाही. दादाने जन्मात कधी थाप मारलेली नाही, तेवढं डोकंच नाही त्याला. मग तेही हसायचे थांबतात.

आमच्या शेतावर पत्र्याची एक उंच गोल कोठी आहे. गहू वरून भरायचा, खालून काढायचा. तळाला एक लोखंडी पातं आडवं बसवलेलं आहे, गोल गोल फिरत ते दाणे बाहेर ढकलतं. आम्ही त्याला फिरकी म्हणतो. बटण दाबलं की फिरकी गुरगुरते आणि नळीतून गहू थेट ट्रकमध्ये पडतो. बघायला फार छान वाटतं, पण ते बाहेरून. आत माणूस असेल तर दाण्यांबरोबर तोही खाली ओढला जातो. पाण्यात बुडणारा निदान हातपाय तरी मारतो, गव्हात तेही जमत नाही.

आमचे थोरले काका असेच गेले. अडकलेला गहू मोकळा करायला आत उतरले होते आणि वडिलांनी, म्हणजे त्यांच्याच धाकट्या भावाने, ते आत आहेत हे ठाऊक नसताना बटण दाबलं. त्यानंतर वडिलांनी शिडीपाशी, बटणाच्या शेजारी, एक फळी ठोकली. फळीला चार खिळे. आत उतरणाऱ्याने आपली टोपी खिळ्याला अडकवायची आणि टोपी दिसली तर बटणाला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून पहिल्या खिळ्यावर काकांची टोपी कायमची अडकवली.

नियम चांगला होता. पण डोळ्यांना कशाचीही सवय होते. काकांची टोपी काही खाली येत नाही म्हटल्यावर आम्ही ती धरून हिशेब करायला लागलो. एक टोपी म्हणजे आत कोणी नाही. दोन टोप्या म्हणजे एक माणूस. वीस वर्षं हे बिनचूक चाललं. त्यातून घरातल्या सगळ्यांच्या टोप्या सारख्याच, खाकी, धुळीने पांढुरक्या झालेल्या. कोणाची कुठली ते ओळखायला वास घ्यावा लागायचा.

त्या दिवशी सकाळी वहिनी कोठीपाशी झाडायला गेली. काकांच्या टोपीत उंदराने संसार मांडलेला. तिने टोपी उचलली आणि बाकीच्या कपड्यांबरोबर धुऊन घरामागच्या दोरीवर वाळत घातली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दुपारी ट्रक यायचा होता. दादा फाटकापर्यंत त्याला आणायला गेला होता. मी वर चढून आत डोकावलो तर गव्हावर ओलीने कडक पापुद्रा धरलेला. दादाची वाट बघायला हवी होती, कमरेला दोरही बांधायला हवा होता. पण दोर गोठ्यात होता, आणि गोठा ऊन ओलांडून पलीकडे. खाली उतरलो, टोपी काढली, हाताशी आलेल्या पहिल्या खिळ्याला अडकवली. तो खिळा रिकामा कसा, हे डोक्यात आलंच नाही. काठी घेतली आणि आत उतरलो.

आता दादाचं ऐका. ट्रक मागे घेऊन नळीखाली लावला. दादाने फळीकडे बघितलं. एक टोपी. म्हणजे आत कोणी नाही. दाबलं बटण.

मी पापुद्र्यावर उभा होतो. खालून गुरगुर ऐकू आली आणि पायाखालचा गहू हलला. काठी हातातून गेली. गुडघे गेले, मग कंबर. ओरडलो, पण त्या पत्र्याच्या डब्यात फिरकीच्या आवाजापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. छातीपर्यंत गेल्यावर एक नवीन गोष्ट कळली. श्वास सोडला की गहू आत सरकून ती जागा घेतो आणि मग परत देत नाही. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा लहान. हनुवटीला दाणे लागले.

आणि माझे पाय टेकले.

तळ अजून तीन माणसं खोल होता. तरी पाय टेकले होते. लहानपणी छपरातलं चिमणीचं घरटं बघायला काका मला खांद्यावर उभं करायचे. जन्मभर पोती वाहून त्यांचा डावा खांदा चार बोटं खाली गेला होता, त्यामुळे मी नेहमी डावीकडे कलायचो आणि त्यांचे केस धरायचो. आता माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं खाली होता. गहू माझ्या अंगावरून खाली वाहत होता आणि मी मात्र जागच्या जागी, डावीकडे कलून, उभा.

बाहेर ट्रकवाला बडबडत होता. फाटकापासून त्याचं तोंड बंद नव्हतं, आम्ही त्याला रेडिओच म्हणायचो. दादा फळीकडे पाठ करून पडणाऱ्या गव्हाकडे बघत होता. बोलता बोलता रेडिओने सहज विचारलं, "ओल्या टोप्या तुम्ही इथेच वाळत घालता का हो?"

दादाने वळून बघितलं. पहिल्या खिळ्यावर एक टोपी. दुसऱ्या खिळ्यावर दुसरी, आणि तिच्यातून टपटप पाणी गळत होतं. दादाला ती कुठून आली वगैरे काही सुचलं नाही. त्याने फक्त मोजलं. दोन टोप्या, एक माणूस. बटण बंद.

पुढे दोन तास मला काढण्यात गेले. गव्हात रुतलेल्याला नुसतं ओढलं तर हात हातात येतो, माणूस येत नाही. त्यांनी ट्रकच्या फळ्या माझ्याभोवती कुंपणासारख्या उभ्या रोवल्या आणि आतला गहू डब्याने उपसला. दादा डबे भरत होता आणि मला शिव्या देत होता. इतक्या प्रेमाने त्याने मला कधीच शिव्या दिल्या नव्हत्या. शेवटी पाय सुटले. मी खाली हात घालून चाचपलं. गहूच होता, नुसता गहू.

शिडी उतरून आलो तर फळीवर एकच टोपी, माझी. दुसऱ्या खिळ्याखाली जमीन ओली. रेडिओने ती ओल बघितली आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

दादाने वहिनीला हाक मारून काकांची टोपी कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, दोरीवर, कुठे जाणार? आम्ही सगळे घरामागे गेलो. टोपी दोरीवरच होती, वहिनीने लावलेल्या चिमट्यासकट, उन्हात कडकडीत वाळलेली. वहिनीने चिमटा काढला, टोपी उलटी केली, आणि अस्तरातून ओंजळभर गहू तिच्या पायावर पडला.

"मी धुतली तेव्हा रिकामी होती," वहिनी म्हणाली. "झटकून घातली होती मी."

माझ्या पायाचं काय ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. काही महिन्यांनी वहिनीला सांगितलं. तिने फक्त विचारलं, कुठल्या बाजूला कललेला होतास?

आता टोप्या मोजायचा प्रकार बंद आहे. बटणाला कुलूप आहे, एकच किल्ली आहे, आणि आत उतरणारा ती खिशात घालून उतरतो. कमरेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस, आणि त्या माणसाने दोर सोडून पाणी प्यायलाही जायचं नाही. दोर आता गोठ्यात नसतो, शिडीलाच असतो. कंटाळा आला तर दादा मला त्या खिळ्यांकडे बघायला सांगतो.

काकांची टोपी परत पहिल्या खिळ्यावर आहे. दर वर्षी कोठी रिकामी झाली की दादा ती काढतो आणि झटकतो. दर वर्षी तिच्यातून ओंजळभर गहू निघतो. आम्ही त्याचं पीठ करत नाही, पेरतही नाही. वर चढतो आणि रिकाम्या कोठीत परत सोडतो. तळाच्या पत्र्यावर दाणे वाजायला हवेत.

वाजत नाहीत.