विचारून येणारं पिशाच

शहाण्णव साली धाटावच्या एका औषध कंपनीतल्या पॅकिंगच्या बायकांना भर दुपारी पिशाचानं झपाटलं होतं. त्याची गोष्ट सांगायची लॅबमधली ज्युडिथ. ती रोह्याची, ज्यू. तिथं त्यांची आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलेली. पेणच्या रद्दीवाल्याकडून ती इंग्रजी कादंबऱ्या किलोवर आणी आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मराठीत सांगे. "आमच्याकडं मटणातलं रक्त मिठानं काढून मगच शिजवतात गो, आणि मी बसते हे रक्त पिणाऱ्याचं वाचत," म्हणून स्वतःच हसे.

पॅकिंगमधल्या मृणालीला हसू येत नसे. तिचा घास हातातच राही. कादंबरीतलं पिशाच देखणं, तीनशे वर्षांचं, एका बाईसाठी आसुसलेलं. पण घरातल्या बाईनं 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नसे. आणि बाई काही लेचीपेची नव्हती. त्याला दारात उभं करून खुशाल उलटतपासणी घ्यायची. बाकीच्या बायका त्याच्या डोळ्यांवर भाळल्या होत्या. मृणालीला आवडे तो दारातला वेळ. एवढा ताकदीचा गडी आणि बाहेर ताटकळतोय! तिच्या नवऱ्यानं, प्रविणनं, चार वर्षांत तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. हात उचलण्याआधी तर नाहीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन ती खांब गावात आईकडे आली होती. नोकरी तिनं सोडली नव्हती. आता येत्या रविवारी प्रविण तिला न्यायला येणार होता, सोबत त्याचे चुलते हैबतराव. परत आली की नोकरी बंद, असा निरोप त्यानं आधीच धाडला होता. मारणं बंद, असा निरोप काही आला नव्हता.

"पुढं काय होतं? घेते का त्याला आत?" शुक्रवारी तिनं ज्युडिथला विचारलं.

"घेते. पण तिच्या मनात येईल तेव्हा. आणि नकोसा झाला की बाहेर काढते. म्हणून तर वाचते मी."

रविवारी दुपारी आईनं, गिरजाबाईनं, मृणालीची ट्रंक भरून ठेवली आणि तांब्या घासायला घेतला. रुसून माहेरी आलेल्या लेकीला न्यायला जावई आला, की दारात त्याच्या पायांवर पाणी घालायचं. पाणी पडलं की भांडण मिटलं, असं त्यांच्या भावकीत धरत.

"आये, पाणी नको देऊस."

"येडी का काय तू? जावयाला पाणी नाय दिलं तर गाव तोंडात शेण घालंल."

"पाणी दिलंस की मला दिलंस."

गिरजाबाईनं तांब्या भरलाच.

चारच्या सुमारास अंगणात मोटरसायकल थांबली. आई पाणी घेऊन निघाली तशी मृणाली तिच्या पुढं झाली आणि दारात उभी राहिली.

"पाय मागनं धू," ती प्रविणला म्हणाली. "आधी मला विचार."

"काय विचारू?"

"मी येते का, ते."

"विचार की रे," हैबतराव मागून म्हणाले. "तोंड काय झिजतंय?"

"बायकोला विचारू?" प्रविणचा चेहरा लाल झाला. त्यानं तिला खांद्यानं चौकटीवर ढकललं आणि चपलांसकट तो आत शिरला.

एवढंच. पुस्तकातला उंबरा पुस्तकातच राहिला. पिशाच बिचारं विचारून तरी येतं. माणसाला कसली अडकाठी? मृणाली मनातून पार घाबरली. प्रविणनं ट्रंकेची कडी धरली होती.

हैबतराव अंगणातून हलले नाहीत. "प्रविण, बाहेर ये आधी. पायांवर पाणी न घेता फक्त मयताच्या घरात शिरतात."

गिरजाबाईनं सारवलेल्या जमिनीवर उमटलेल्या चपलांच्या ठशांकडे पाहिलं.

"माझ्या घरात कोण मेलंय?" तिनं विचारलं.

प्रविण ट्रंक ओढू लागला.

"सांग ना, कोण मेलंय? ही? अजून नाय मेली. तुझ्याबरोबर धाडली तर मरंल, ते आज दिसलं." तांब्या खाली ठेवून तिनं ट्रंकेची दुसरी कडी धरली. मृणालीही धावली. दोघी मिळून लोंबकळल्याच म्हणा ना. प्रविणनं मदतीसाठी चुलत्याकडे पाहिलं. हैबतरावांनी मान फिरवली. तेव्हा ट्रंक तशीच टाकून, शिव्या देत तो निघून गेला. हैबतरावही 'येतो' न म्हणता त्याच्यामागे गेले.

गिरजाबाई ट्रंकेवर बसली आणि रडायला लागली. "मी पाणी द्यायला निघाले व्हते गो."

"व्हय," मृणाली म्हणाली. आईचा राग आला होता आणि कीवही.

थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसून गिरजाबाईनं वर पाहिलं. "आता तू सांग. जाणार का ऱ्हाणार?"

उत्तर ओठांवर होतं. पण मृणालीनं ते लगेच दिलं नाही. आई वाट बघत होती, आणि तिला बघू द्यावी असं मृणालीला वाटलं. मग ती म्हणाली, "ऱ्हाते."